कानांवर हात
(पालक मेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



मी बी. ए., बी. एड. झालेला साधा शिक्षक. वैद्यकीय विषयावर बोलण्याचा मला अधिकार नाही. परंतु माझ्या हातून एक चूक घडली, आणि तिने जे शिकविले ते आपणांपुढे मांडणे मी कर्तव्य समजतो.

माझ्या वर्गात पाचवीचा एक मुलगा होता. घंटा झाली, की तो कानांवर हात ठेवून बाकाखाली वाकायचा. मुले हसत. खोड्या करतो असे समजून मी त्याला दोनदा वर्गाबाहेर उभे केले. तिसऱ्या दिवशी त्याची अम्मी आली. म्हणाली, "सर, तो ऐकत नाही असं नाही. त्याला आपल्यापेक्षा जास्त ऐकू येतं." मग तिने त्याच्या कानामागचे केस बाजूला केले. कातडीखाली उंचवटा होता आणि मानेवरून खाली गेलेली नळी बोटाला लागत होती.

या आजाराला हायड्रोसिफॅलस म्हणतात. आपल्याकडे 'डोक्यात पाणी झाले' असे म्हणतात. वस्तुतः हे पाणी प्रत्येकाच्याच मेंदूत असते. मोठ्या माणसात ते सुमारे १५० मिलिलिटर असते. दिवसाला सुमारे ५०० मिलिलिटर नवे तयार होते आणि तितकेच रक्तात शोषले जाते. वाट अडली की ते साचते. कुणाला हे जन्मतः होते, कुणाला क्षयाच्या मेंदूज्वरानंतर. तान्ह्या बाळाचे डोके भराभर वाढते, टाळू फुगून येते. नजर लागली म्हणून उतारे काढण्यात किती महिने जातात, हे मी आपणांस सांगायला नको.

उपाय म्हणजे शंट. मेंदूतले जादा पाणी झडपेतून पोटात सोडणारी ही नळी. फिलाडेल्फियात जॉन होल्टर नावाच्या कारागिराने १९५६ च्या सुमारास स्वतःच्या आजारी मुलासाठी अशी झडप घडविली. ते काम एका बापाने केले, हे मला फार मोलाचे वाटते. आपल्या देशातही डॉ. छाब्रा यांच्या नावाचा शंट बनतो. परदेशी शंटच्या तुलनेत त्याची किंमत फारच थोडी. युगांडातील मुलांवर दोन्ही वापरून पाहिले. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात वर्षअखेर दोहोंत लक्षणीय फरक आढळला नाही. तेव्हा स्वस्त म्हणून कमअस्सल समजू नका.

आता आवाजाविषयी. शंट असलेल्या अनेक मुलांना मोठा आवाज असह्य होतो. आतल्या कानातील द्रव आणि मेंदूभोवतीचे पाणी यांना जोडणारी एक बारीक नलिका असते. दाबातला फरक तिच्यावाटे कानापर्यंत पोहोचू शकतो. ते नाटक नव्हे. मात्र दिवसभर कानांत कापूस कोंबून ठेवू नका. त्याने कान अधिकच हळवे होतात. गोंगाटापुरते कान झाकावेत.

आणखी एक गोष्ट ध्यानात ठेवा. सुमारे १०० पैकी ४० मुलांचे शंट पहिल्या वर्षातच बिघडतात. वाढती डोकेदुखी, उलट्या, न आवरणारी झोप, चालताना तोल जाणे, नळीच्या वाटेवर लाली किंवा ताप दिसला, तर 'आवाजाने डोके उठले असेल' म्हणून थांबू नका. त्याच दिवशी शस्त्रक्रिया केलेल्या डॉक्टरांकडे न्या, मग सोलापूरला जावे लागो की पुण्याला.

आपला धाराशिव जिल्हा उत्सवप्रिय. ख्वाजा शमसुद्दीन गाझींचा उरूस असो, तुळजापूरचे नवरात्र असो, की आपल्याच घरची वरात. अशा मुलाला कर्ण्यापासून दूर बसवावे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत शांतता क्षेत्रासाठी दिवसा ५० आणि रात्री ४० डेसिबलची मर्यादा आहे. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक वाजवायला मनाई आहे. सणांपुरती थोडी सवलत असते. नियम सर्वांना सारखाच. (हे सारे मी ध्वनिक्षेपकावरूनच सांगतो आहे, याची मला जाणीव आहे. आमच्या मंडपवाल्यास आवाज थोडा कमी करावयास सांगितले आहे.)

त्या मुलाची मी वर्गासमोर माफी मागितली. त्यानंतर शिपाईमामा घंटा देण्याआधी आमच्या दारात येऊन एक बोट वर करीत. तो कानांवर हात ठेवी, घंटा होई, तो हात काढी आणि वही पुढे ओढी.