संगणकांतील जागेचा हिशेब



कोठारांत धान्य किती उरलें आहे हें जाणण्याचे दोन मार्ग असतात. कोठीची वही उघडून शिल्लक पाहावी, अथवा स्वतः आंत शिरून पोतीं मोजावीं. पहिल्या मार्गानें उत्तर तत्काळ मिळतें, परंतु जागा कोणीं अडविली हें समजत नाहीं. दुसरा मार्ग वेळ खातो, परंतु तपशील देतो. संगणकाची डिस्क भरत आली म्हणजेहि हेच दोन मार्ग अनुसरावे लागतात, आणि त्यांसाठीं दोन स्वतंत्र आज्ञा आहेत. त्यांचा परिचय करून देणें हा आजच्या भाषणाचा हेतु होय.

या आज्ञा नव्या नव्हेत. अमेरिकेंतील बेल प्रयोगशाळेंत केन थॉम्प्सन, डेनिस रिची व त्यांचे सहकारी यांनीं युनिक्स ही प्रणाली रचिली. तिची पहिली पुस्तिका नोव्हेंबर १९७१ मधील असून तींत या दोन्ही आज्ञा आढळतात. आज लिनक्सवर चालणाऱ्या सर्वसाधारण संगणकावरहि त्या असतात. टर्मिनल नांवाची खिडकी उघडावी, रोमन लिपींतील लहान अक्षरांत आज्ञा लिहावी व एंटरची कळ दाबावी, एवढेंच करावयाचें असतें.

पहिली आज्ञा डीएफ. हिच्यापुढें मोकळी जागा सोडून आडवी रेघ व तिला लागून एच हें अक्षर लिहिलें म्हणजे आंकडे मेगाबाइट, गीगाबाइट अशा सुबोध परिमाणांत दिसतात. डिस्कच्या प्रत्येक विभागाचा एकूण आकार, वापरलेली जागा, शिल्लक व शेंकडेवारी अशीं सदरें ती मांडते. हें सारें बहुधा क्षणांत होतें. कारण ही आज्ञा एकेक फाइल तपाशीत बसत नाहीं. डिस्कवरील व्यवस्थेनें स्वतः ठेविलेली बेरीज तेवढी ती वाचून दाखविते.

दुसरी आज्ञा डीयू. ही प्रत्येक फोल्डरांत शिरते, त्यांतील एकेका फाइलनें किती जागा व्यापिली हें विचारते आणि बेरीज करीत बाहेर येते. फाइली लक्षावधि असल्या तर तिला कांहीं मिनिटें लागतात. डीयू, मग आडवी रेघ व एच, मग आडवी रेघ व डी, आणि शेवटीं १ हा आंकडा असें लिहिलें, तर पहिल्याच पायरीवरील फोल्डरांचें मोजमाप मिळतें. त्यापुढें उभी रेघ, सॉर्ट हा शब्द आणि पुन्हां आडवी रेघ व एच जोडलें, तर यादी लहानाकडून मोठ्याकडे लागते. शेवटची ओळ एकूण बेरजेची असते. तिच्या लगतची वरची ओळ सर्वांत मोठ्या फोल्डराची.

हें ज्ञान केवळ हौसेचें नव्हे. एका तालुक्याच्या गांवीं सार्वजनिक ग्रंथालयाच्या संगणकानें एके दिवशीं, जागा शिल्लक नाहीं, असें सांगून नवी नोंद घेण्याचें नाकारलें. त्या संगणकांत जुन्या मोडी दफ्तराचीं छायाचित्रें सांठविलेलीं होतीं, आणि मूळ कागदांपैकीं पुष्कळसे तोंवर वाळवीनें फस्त केले होते. छायाचित्रें अवजड, तेव्हां तींच पुसून टाकावीं, असें बहुतेकांचें मत पडलें. सुदैवानें एका गृहस्थांनीं आधीं मोजून पाहण्याचा आग्रह धरिला. डीएफनें सांगितलें : एकूण ४५७ गीगाबाइट, वापर ४३४, शिल्लक शून्य. डीयूनें सांगितलें : छायाचित्रें १३८, आणि पुस्तकांच्या यादीच्या रोज आपोआप निघणाऱ्या राखीव प्रती २६१. उरलेले ३५ प्रणालीचे व किरकोळ. यादी एकच, पण तिच्या प्रती शेंकडों! अलीकडच्या कांहीं प्रती नीट उघडतात याची खात्री करून त्या ठेविल्या, जुन्या काढल्या, आणि दफ्तर वांचलें.

चौकस श्रोता येथें विचारील कीं, ४५७ मधून ४३४ वजा जातां २३ उरतात. मग शिल्लक शून्य कशी? लिनक्सवरील एक्स्ट-फोर या प्रचलित रचनेंत, वेगळें कांहीं ठरविलें नसल्यास, शेंकडा ५ जागा मुख्य प्रशासकासाठीं राखलेली असते. डिस्क भरली तरी त्याला आंत येऊन साफसफाई करतां यावी, हा त्याचा एक उपयोग. ४५७ चे शेंकडा ५ म्हणजे हे २३. दुसरी शंका अशी कीं, डिस्क तर ५०० ची म्हणून घेतली होती. कारखानदार गीगाबाइट म्हणजे १०० कोटि बाइट धरतात, तर आज्ञा १०२४ च्या पटींत मोजते. त्या मापानें ५०० चे सुमारें ४६६ होतात, आणि आणखी थोडा भाग डिस्कच्या अंतर्गत नोंदींकडे जातो. यांत कोणी लबाडी केलेली नसते. मापें दोन आहेत, इतकेंच.

कधीं कधीं मात्र दोन्ही आज्ञांची जबानी जुळत नाहीं. डीयूची बेरीज लहान येते आणि डीएफ डिस्क भरली म्हणून सांगते. एखादा प्रोग्राम फाइल उघडून बसलेला असतांना ती कोणीं पुसली, तर तिचें नांव जातें, पण प्रोग्राम ती सोडीपर्यंत जागा मोकळी होत नाहीं. डीयू नांवांवरून हिंडते, म्हणून तिला ती दिसत नाहीं. डीएफ मात्र ती हिशेबांत धरते. अशा वेळीं तो प्रोग्राम रीतसर बंद करून पुन्हां चालू करावा. शिवाय, ज्या फोल्डरांत शिरण्याची परवानगी नाहीं तेथील मोजमाप डीयू देऊं शकत नाहीं; तेव्हां ती प्रशासकाच्या अधिकारानें चालवावी लागते.

शेवटीं एक गोष्ट ध्यानांत ठेवण्यासारखी आहे. या दोन्ही आज्ञा केवळ पाहतात, कांहीं पुसत नाहींत. म्हणून नवशिक्यानेंहि त्या निर्धास्तपणें चालवाव्या. पुसण्याची आज्ञा निराळी आहे, आणि तिनें काढलेली फाइल कचऱ्याच्या टोपलींत जाऊन पडत नाहीं. ती परत मिळण्याची आशा फार थोडी असते. यास्तव जागा संपल्याची सूचना येतांच घाईनें कांहीं पुसूं नये. आधीं डीएफला विचारावें, मग डीयूला विचारावें, जें काढावयाचें त्याची प्रत अन्यत्र आहे कीं नाहीं हें स्वतः पाहावें, आणि मगच हात चालवावा. या तपासणीस फार तर घटकाभर लागेल. पण गेलेलें दफ्तर पुन्हां लिहून देणारा कोणी भेटणार नाहीं.