वांद्र्याचा किल्ला आणि आमची एक चूक
(ज्ञातिगृहात दिलेल्या व्याख्यानावरून)



कार्यकारी मंडळाने आम्हांस चार शब्द बोलण्याची आज्ञा केली. आम्ही पडलो जुने शाळामास्तर, शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. तेव्हा विद्वत्तेची अपेक्षा कृपया ठेवू नये.

वांद्र्याच्या दक्षिण टोकास, जेथे २००९ पासून सागरी सेतू डोळ्यांपुढे पसरलेला दिसतो, तेथे एक भग्न किल्ला आहे. पोर्तुगीजांनी तो १६४० मध्ये बांधला. त्यांच्या भाषेत ‘आग्वाद’ म्हणजे गोड्या पाण्याची जागा. येथील झऱ्यावर गलबते पाणी भरून घेत, म्हणून हे नाव. समुद्रसपाटीपासून सुमारे चोवीस मीटर उंचीपर्यंत टप्प्याटप्प्याने चढत गेलेले हे बांधकाम माहीमच्या उपसागरावर पहारा ठेवण्यासाठी होते. एवढ्या मोक्याच्या जागी एवढाच अवशेष का उरावा, हे कोडे प्रत्येक पाहणाऱ्यास पडते.

आमच्या बालपणी ही जागा झाडोऱ्याने भरलेली असे. किल्ल्यातून खाडीखालून माहीमपर्यंत भुयार आहे आणि त्यात शिरलेला मनुष्य परतत नाही, अशी वदंता मुलांत होती. आम्ही तिघांनी एकदा कंदील घेऊन शोध केला. भुयार मिळाले नाही. घरी मार मात्र मिळाला.

पुढे शिक्षक झाल्यावर दरवर्षी मुलांस तेथे नेण्याचा आमचा परिपाठ असे. दरवाजावरील शिलालेख दाखवावा आणि छाती फुगवून सांगावे, ‘मुलांनो, चिमाजी अप्पांच्या मराठी फौजेने हा किल्ला जमीनदोस्त केला!’ मुले टाळ्या वाजवीत. हे आम्ही कोठे वाचले होते? कोठेच नाही. आमच्या गुरुजींनी सांगितले, तेच आम्ही पुढे सांगितले.

एके वर्षी सहावीतील एका विद्यार्थ्याने विचारले, ‘गुरुजी, जिंकायला आलेले लोक आपल्याच उपयोगाचा किल्ला का पाडतील?’ आम्ही त्यास गप्प बसविले.

सेवानिवृत्तीनंतर वेळ मोकळा झाला, तेव्हा ग्रंथालयात बसून जुने ठाणे जिल्ह्याचे गॅझेटियर चाळले आणि मान खाली गेली. १६६१ च्या विवाहकरारात मुंबई इंग्रजांस मिळाली; वांद्रे व साष्टी मात्र पोर्तुगीजांकडेच राहिली. १७३७ मध्ये मराठ्यांनी ठाणे घेतले, मे १७३९ मध्ये वसई पडली. वांद्र्याच्या किल्ल्यावर मराठ्यांच्या तोफा चढल्या तर खाडीपलीकडचे माहीम त्यांच्या माऱ्यात येणार, ही धास्ती इंग्रजांस होती. त्यांच्याच सल्ल्याने येथील तटबंदी आधीच पाडण्यात आली. म्हणजे आमच्या पूर्वजांच्या तोफांनी नव्हे, त्यांच्या नुसत्या भीतीने हा किल्ला पडला! (आमच्या मते ही कीर्ती काही कमी नव्हे, पण खोटी कीर्ती ती खोटीच.) पुढे १७७४ च्या अखेरीस इंग्रजांनी साष्टी घेतली, १८३० मध्ये हा भूभाग बैरामजी जीजीभाई यांस दिला आणि टोकास त्यांचे नाव पडले. २००३ मध्ये नागरिकांच्या खटपटीने डागडुजी झाली.

गेल्या हिवाळ्यात मंडळाची सहल तेथे नेली. त्या प्रश्नकर्त्या विद्यार्थ्यास आम्ही मुद्दाम बोलावून घेतले. आता तो चाळिशीचा गृहस्थ. सोबत पत्नी व कन्या. सर्वांसमक्ष, त्याच दरवाजाखाली उभे राहून, आम्ही त्यास खरे उत्तर सांगितले आणि तीस वर्षांच्या विलंबाबद्दल क्षमा मागितली. त्याने वाकून नमस्कार केला. मग हळूच म्हणाला, ‘गुरुजी, सहामाहीच्या पेपरात मी मराठ्यांनी पाडला नसावा असे लिहिले होते. आपण दोन गुण कापले होते.’

त्याच्या कन्येने लगेच ते दोन गुण मागितले. आम्ही तिच्या वहीत तेथल्या तेथे लाल शाईने ते लिहून दिले व खाली सही केली.