ओढणीखालचा संगणक



आमच्या बचत गटाकडे संगणक आला, तेव्हा महिनाभर आम्ही त्याच्यावर ओढणी टाकून ठेवली होती. हात लावला आणि बिघडला तर? गावातला एक मुलगा यायचा आणि हिशेब भरून जायचा. एकदा बँकेने कर्जासाठी हिशेब मागितला आणि नेमका तो परगावी. पासवर्ड त्याच्याकडेच! बचत आमची, हिशेब आमचा, आणि आम्हालाच दिसेना. त्या दिवशी ठरवलं, हे यंत्र शिकायचंच.

आधी हार्डवेअर. संगणकाच्या ज्या भागांना हात लावता येतो, ते सगळं हार्डवेअर. टाइप करायचा कीबोर्ड, पडद्यावरचा बाण फिरवणारा माउस, तो पडदा म्हणजे मॉनिटर, आणि बाजूचा डबा. या डब्याला सगळे सीपीयू म्हणतात. खरं तर सीपीयू ही आतली छोटीशी चिप. आकडेमोड तीच करते.

डब्यातल्या आणखी दोन वस्तू लक्षात ठेवा. रॅम म्हणजे स्वयंपाकाचा ओटा. चालू काम त्यावर मांडलेलं असतं. हार्ड डिस्क म्हणजे फडताळ. तिथे ठेवलेलं उद्याही सापडतं. हा फरक आम्ही रडून शिकलो. दोन तास बसून सगळ्यांचे हप्ते भरले आणि लाइट गेली. ओटा रिकामा! फडताळात काही ठेवलंच नव्हतं. ते ठेवणं म्हणजे 'सेव्ह' करणं. आता चार-पाच नोंदी झाल्या की आम्ही कंट्रोल आणि एस ही बटणं एकत्र दाबतो.

दुसरं सॉफ्टवेअर. त्याला हात लावता येत नाही. संगणकाने काय करायचं, याच्या त्या सूचना. अर्ज लिहायचं सॉफ्टवेअर वेगळं, हिशेबाचं वेगळं. हिशेबासाठी एक्सेल आहे, तसंच मोफत मिळणारं लिबरऑफिसही आहे.

आणि ऑपरेटिंग सिस्टीम? तेही सॉफ्टवेअरच, पण घरच्या कारभारणीसारखं. शेगड्या दोन, भांडी पाच; कुठलं आधी चढवायचं ते ती ठरवते. तशी ही सगळ्या कामांना जागा आणि वेळ वाटून देते. विंडोज आणि लिनक्स ही तिची नावं. तुमच्या मोबाइलमधलं अँड्रॉइडही तेच. म्हणजे तुम्ही ऑपरेटिंग सिस्टीम रोज वापरताच की!

जुना संगणक घेत असाल, तर त्यात कुठली सिस्टीम आहे ते जरूर विचारा. विंडोज १० साठीची नेहमीची मोफत सुरक्षा सुधारणा १४ ऑक्टोबर २०२५ ला थांबली. लिनक्सचे बरेच प्रकार मात्र मोफत मिळतात आणि जुन्या यंत्रावरही चालतात.

बिघाड झाला तर लगेच घाबरू नका. पडदा काळा दिसला तर आधी वायर बघा. एकच प्रोग्रॅम अडला असेल, तर दोष बहुधा सॉफ्टवेअरचा. त्यासाठी नवा संगणक घ्यायची गरज नसते. एवढं कळलं, तरी दुकानात आपल्याला नीट प्रश्न विचारता येतो.

आता आमच्या गटात पासवर्ड अध्यक्ष आणि सचिव, दोघींनाही माहीत असतो. बैठक संपली की हिशेबाची एक प्रत पेनड्राइव्हवर घेऊन आम्ही ती गटाच्या पेटीत ठेवतो, वहीशेजारी. आणि ती ओढणी? ती धुऊन परत वापरात आली.

तुमच्याही संगणकावरची ओढणी आजच काढा.