लेकीचं एमबीए, माझी शिकवणी

(रौप्यमहोत्सवी वर्षातील गणेशोत्सवात सोसायटीच्या आवारात झालेले भाषण)



खरं तर आज इथे माझी मुलगी बोलणार होती. अमेरिकेत जाऊन एमबीए तिने केलं. पण तिला पुण्याहून निघता आलं नाही, म्हणून सांस्कृतिक समितीने बापावर भागवून घ्यायचं ठरवलं. मी साधा बी.कॉम., पुढे नोकरीत असताना सीएआयआयबी. माझा पासपोर्ट कोराच संपला. परदेशी शिक्षणावर बोलायचा माझा अधिकार एवढाच, की त्याचे पैसे मी उभे केले. मुलीला विचारलं, काय काय सांगू? म्हणाली, "सगळं सांगा बाबा. आईच्या गुडघ्याचंही सांगा." म्हणून सांगतो.

गोष्ट २००७ सालची. गृहकर्ज फिटून आपल्या फ्लॅटचं शेअर सर्टिफिकेट घरच्या कपाटात येऊन जेमतेम वर्ष झालं होतं. लेक इंजिनिअर, तीन वर्षं नोकरी केलेली. तिला पिट्सबर्गच्या एका विद्यापीठात प्रवेश मिळाला. तेव्हा साडेसात लाखांच्या वरच्या शैक्षणिक कर्जाला तारण लागायचं, आणि आम्हाला हवे होते पंधरा लाख. फ्लॅट गहाण ठेवायचं ठरलं. आयुष्यभर टेबलाच्या एका बाजूला बसून "अजून एक झेरॉक्स आणा" म्हणणारा मी. दुसऱ्या बाजूला बसल्यावर कळलं, ती खुर्ची किती टणक असते! आपल्या त्या वेळच्या सेक्रेटरींनी दोन दिवसांत एनओसी दिली, रजिस्टरला बोजाची नोंद केली आणि कुठे अवाक्षर काढलं नाही. त्यांचे आभार आज मानतो. अठरा वर्षं उशीर झाला, त्याबद्दल माफी.

आता तिथल्या शिक्षणाबद्दल. वर्गात बोलण्याला तिथे गुण असतात. एखाद्या कंपनीची पंधरा-वीस पानी हकीगत देतात, माहिती अर्धवट, आणि विचारतात, तुम्ही त्या मॅनेजरच्या जागी असता तर काय केलं असतं? आमची लेक शाळेपासून पहिल्या पाचात. पण उत्तर मनात पूर्ण तयार झाल्याशिवाय हात वर करायचा नाही, ही आपल्याकडची सवय. तिचं उत्तर तयार होईपर्यंत चर्चा तीन स्टेशनं पुढे गेलेली असायची. पहिल्या सत्रात लेखी पेपर उत्तम आणि वर्गातल्या सहभागाला जवळजवळ भोपळा. फोनवर रडली होती. मी आपला बापाचा सल्ला दिला, "अभ्यास वाढव." चुकीचा सल्ला. तिला अभ्यास नव्हे, अर्धवट माहितीवर बोलायचं आणि चुकलं तर सगळ्यांदेखत मान्य करायचं, हे शिकायचं होतं.

ते तिला शिकवलं तिच्या गटातल्या एका मुलाने. मुलगा कसला, बाप्या होता, अमेरिकन सैन्यातून आलेला. सैन्यात त्यांची पद्धत असते म्हणे: मोहीम संपली की सगळ्यांनी बसायचं आणि चार प्रश्न विचारायचे. काय ठरलं होतं? प्रत्यक्षात काय झालं? फरक का पडला? पुढच्या वेळी काय करायचं? बैठकीत हुद्दा बाजूला. प्रत्येक प्रोजेक्टनंतर तो गटाला असं बसवायचा. मला हे ऐकून आमची बँक आठवली. आमच्याकडे खातं बुडालं की पहिला प्रश्न एकच, "सही कोणाची?" त्यामुळे खातं का बुडालं हे शेवटपर्यंत कोणी खरं सांगत नसे. मीही सांगितलेलं नाही.

१५ सप्टेंबर २००८ला लेहमन ब्रदर्स कोसळली. मुलीचं दुसरं वर्ष नुकतंच सुरू झालेलं. तरी तिला एका मोठ्या बँकेची ऑफर मिळाली आणि आम्ही पेढे वाटले. इथे बसलेल्या बऱ्याच जणांनी ते खाल्लेत. पुढे फेब्रुवारी २००९मध्ये तिथे कायदा झाला, की सरकारी मदत घेतलेल्या बँकांनी परदेशी माणसाला एच-वन-बीवर घेण्याआधी अमेरिकन माणूस शोधल्याचं दाखवायचं. मार्चमध्ये तिची ऑफर मागे घेतल्याचं पत्र आलं. चार ओळींचं. ते तिने आम्हाला सांगितलंच नाही. दर रविवारी फोनवर "सगळं ठीक आहे" चालूच.

आणि आम्ही काय करत होतो? ती गेली तेव्हा डॉलर एक्केचाळीसच्या आसपास होता. शेवटच्या सत्राची अठरा हजार डॉलर फी जानेवारी २००९मध्ये भरली, तेव्हा एकोणपन्नास. म्हणजे एका फीमागे १ लाख ४४ हजार जास्त. रोज फॉरेक्सचे दर बघणाऱ्या माणसाने घरच्या हिशेबात दर वाढेल हे धरलंच नव्हतं! हिच्या गुडघ्याच्या ऑपरेशनसाठी ठेवलेली एफडी मोडली. मुलीला सांगितलं, डॉक्टर म्हणतात अजून थांबलं तरी चालेल. डॉक्टर असं काही म्हणाले नव्हते.

ऑगस्टमध्ये ती परत आली. आपल्याकडे तेव्हा लिफ्ट बंद होती, जुन्या सभासदांना आठवत असेल. आई जिन्यात कठडा धरून एकेका पायरीवर दोन्ही पाय टेकवत चढतेय, हे तिने मागून पाहिलं. बॅग तिथेच ठेवली आणि पायरीवर बसली. पत्राचं तिने तिथेच सांगितलं, एफडीचं मी तिथेच. मग बराच वेळ कोणी बोललं नाही.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या टेबलावर तिने वही काढली आणि तेच चार प्रश्न लिहिले. मला म्हणाली, "बाबा, सही कोणाची हे विचारायचं नाही." दोन तास बसलो. फरक का पडला, याखाली जे आलं ते असं: डॉलरचा दर धरला नव्हता. इंजिनिअर असून तिने फायनान्स घेतलं, कारण सगळे तेच घेत होते. आणि तिसरं, तिघांनीही एकमेकांना खोटं सांगितलं. मार्चमध्येच खरं कळलं असतं तर तिने इथे अर्ज केले असते, पाच महिने वाचले असते.

पुढचं थोडक्यात. ऑक्टोबरात तिला चाकणच्या एका सुट्या भागांच्या कंपनीत नोकरी लागली, अमेरिकेतल्या ऑफरच्या मानाने किरकोळ पगारावर. अर्धा पगार हप्त्यात जायचा, महिना बत्तीस हजारांच्या आसपास. एप्रिल २०१० ते मार्च २०१७, चौऱ्याऐंशी हप्ते, एकही चुकला नाही. आईचं ऑपरेशन जानेवारी २०११मध्ये झालं, तिच्याच पैशांतून. कंपनीत मशीन बंद पडलं की ती अजून फळ्यावर ते चार प्रश्न लिहिते. मला विचाराल तर पंधरा लाखांतले निदान पाच लाख त्या चार प्रश्नांसाठीच वसूल झाले. उरलेल्यांबद्दल आमचा वाद अजून मिटलेला नाही.

सध्या आपल्या सोसायटीतली चार मुलं बाहेर जायच्या तयारीत आहेत, म्हणून एका बँकवाल्याच्या नात्याने दोन गोष्टी. शिकत असताना हप्ता नसला तरी व्याज चढत असतं. जमेल तेवढं तेव्हाच भरा. प्राप्तिकरात व्याजाची वजावट आठ वर्षं मिळते, पण ती जुन्या करप्रणालीतच. आणि खर्चाचा तक्ता करताना डॉलर आजच्या दराने धरू नका, चांगला चढा धरा.

बाकी कागदपत्रं बघायला मी आहेच, दुसरा मजला, संध्याकाळी सहानंतर. फक्त मुलाने एकट्याने येऊ नये आणि आई-वडिलांनीही एकट्याने येऊ नये. तिघांनी मिळून या. चहा आमची ही करेल. आता ती जिना सरळ उतरते.