वेगळ्या चुली, एक घर

वाटणीचा दावा म्हटला की डोळ्यांपुढे उभी राहते ती शेतजमीन, सामाईक विहीर आणि वाड्याच्या मधोमध घातलेली भिंत. परंतु अशीही एक मिळकत आहे, की जिची वाटणी केली तरी दोन्ही भावांना ती पुरतीच्या पुरती मिळते. ती म्हणजे संगणकाची मुक्त आज्ञावली. तिची मूळ संहिता कुणीही वाचावी, बदलावी आणि पुन्हा वाटावी, अशी मुभा तिच्या परवान्यातच असते. तेव्हा मतभेद झाला की नाराज मंडळी संहितेची नक्कल घेतात आणि नव्या नावाने वेगळी चूल मांडतात. त्या धंद्यात याला फोर्क म्हणतात. माझ्या मते हे काही पाप नव्हे. चालकांची अरेरावी आटोक्यात राहते ती या हक्कामुळेच. प्रश्न आहे तो पुढचा. वेगळ्या झालेल्या या चुली पुन्हा एक होतात का, आणि होतात त्या कशा?

श्रोतेहो, होतात. जीसीसी नावाचा एक कंपायलर आहे. माणसाने लिहिलेल्या आज्ञा यंत्राच्या भाषेत उतरवणे हे त्याचे काम. रिचर्ड स्टॉलमन यांनी तो १९८७ साली प्रथम प्रसिद्ध केला. पुढे कारभार इतका सावध झाला की बाहेरच्यांनी केलेल्या सुधारणा नुसत्या पडून राहू लागल्या. १९९७ साली काही जण ईजीसीएस या नावाने बाहेर पडले आणि भराभर पुढे गेले. जुन्या घराने मग काय करावे? १९९९ साली त्याने जीसीसी हे नाव आणि सगळा कारभार या बाहेर पडलेल्यांच्याच हाती दिला.

दुसरी गोष्ट नोडची. रायन डाल यांनी २००९ साली सुरू केलेल्या या आज्ञावलीची देखरेख जॉयंट नावाच्या कंपनीकडे होती. ०.१० ही आवृत्ती २०१३च्या मार्चमध्ये निघाली आणि ०.१२ निघायला २०१५चा फेब्रुवारी उजाडला. एवढा काळ वाट कोण पाहणार? २०१४च्या अखेरीस मुख्य कारागिरांपैकी बरेच जण आयओ-जेएस या नावाने वेगळे झाले. निर्णय एका कंपनीने घ्यायचे नाहीत, काम करणाऱ्यांच्या समितीने उघडपणे घ्यायचे, असा त्यांचा नियम. हाल झाले ते या पायावर आपापले प्रोग्रॅम रचणाऱ्यांचे. त्यांतले कित्येक जण बिनपगारी काम करणारे. आता एकच वस्तू दोन्ही घरी चालते की नाही, हे त्यांनी तपासत बसायचे!

पण जॉयंटनेही हेका धरला नाही. २०१५ साली लिनक्स फाउंडेशनच्या आश्रयाने नोडसाठी स्वतंत्र संस्था उभी राहिली आणि त्याच सप्टेंबरात एकत्र आवृत्ती निघाली. तिचा क्रमांक पाहण्याजोगा आहे. नोड होता ०.१२वर, आणि आयओ-जेएस १, २, ३ करीत पुढे गेला होता. एकत्र आवृत्तीला क्रमांक मिळाला ४. म्हणजे नाव राहिले थोरल्याचे, मोजणी चालली धाकट्याची, आणि समितीची रीतही धाकट्याचीच! आज स्लॅक किंवा व्हीएस कोड वापरणाऱ्याला या भांडणाचा पत्ताही नसतो. पण त्या दोहोंच्या आत इलेक्ट्रॉन नावाचा सांगाडा आहे, आणि त्या सांगाड्यात नोड आहे.

सगळीकडे असे घडत नाही. ओपनऑफिस हा पत्रे लिहिण्याचा, हिशेब मांडण्याचा फुकट संच. २०१० साली तो ओरॅकल कंपनीकडे गेला, आणि त्याच वर्षी बरेच कारागीर लिबरऑफिस काढून बाहेर पडले. ओरॅकलने २०११ साली ओपनऑफिस सोडले खरे, पण ते बाहेर पडलेल्यांना न देता अपाची या तिसऱ्याच संस्थेला दिले. परवानेही निराळे पडले. अपाचीची संहिता लिबरऑफिसला घेता येते, पण लिबरऑफिसची अपाचीला आपल्या परवान्याखाली घेता येत नाही. पाणी एकाच बाजूने वाहणारा हा पाट. ओपनऑफिसची ४.१ आवृत्ती २०१४ साली आली आणि पुढली कित्येक वर्षे तिच्या किरकोळ दुरुस्त्याच निघत राहिल्या. २०२० साली लिबरऑफिसच्या संस्थेने जाहीर पत्र लिहून विनवले, की तुमच्याकडे येणाऱ्यांना निदान आमचा पत्ता तरी सांगा. एकीकरण काही झाले नाही. आणि लिबरऑफिसात मराठीतूनही काम करता येत असताना, पूर्वी ऐकलेले नाव ध्यानात राहिलेला मनुष्य अजूनही ओपनऑफिसच शोधत जातो.