जोडीनं गायचं गाणं



नवराबायको भांडतात कशी, हे सांगायला कुणी प्राध्यापक नको. परंतु भांडण अंगात असताना ती दोघं एका सुरात गाऊ शकतात का, याविषयी आज आपणांशी चार शब्द बोलायचं आहे.

भाईंदर स्टेशनवरून उत्तनच्या रस्त्याला लागलात की मुर्धा, राई, मोर्वा ही गावं ओळीनं लागतात. भातशेतीची आणि मिठागरांची ही आगरी वस्ती. माझी आत्या राईला दिलेली. एका वर्षी शेताचा तुकडा विकायचा की राखायचा यावरून आत्या आणि मामा यांच्यात बोलणं बंद झालं. जेवणाचं ताट पुढं यायचं, पण शब्द यायचा नाही. निरोप आम्हां मुलांकरवी जायचे.

अशात पुतणीचं लग्न निघालं. आगरी लग्नात धवलारीण असते, हे आपल्यापैकी पुष्कळांना ठाऊक असेल. धवले म्हणत म्हणत ती लग्नाचे विधी पुढं नेते. हे नावही काही आजचं नव्हे. तेराव्या शतकात महदंबेनं रचलेले ‘धवळे’ मराठीच्या शिक्षकांना परिचित आहेतच.

हळदीच्या रात्री बायकांनी आत्याला धरलं, “नाव घे!” आता नाही म्हणायची सोय नव्हती. तिनं उखाण्यात नाव घेतलं आणि त्यातच विकायला काढलेल्या शेताचा टोला हाणला. मांडव हसला. मामांनी मान खाली घातली. पण पुरुषमंडळी सोडतात थोडीच? त्यांनीही नाव घेतलं आणि यमक जुळवून आपली अडचण सांगितली. मग आत्याचा दुसरा, मामांचा दुसरा. तीन महिने अडलेलं बोलणं असं तालावर सुरू झालं. शेत पुढं विकलं गेलंच. परंतु घरातला अबोला त्या रात्री संपला.

विचार करा. जात्यावर ओवी म्हणते ती एकटी बाई. मोटेवर गाणं म्हणायचा तो एकटा गडी. एकमेकांविषयी दोघंही गात, पण एकमेकांना ऐकू जाईल असं क्वचितच. जुन्या पिढीत बायकोनं नवऱ्याचं नाव उच्चारायचं नाही, ‘अहो’ एवढंच म्हणायचं. तिथं चारचौघांत समोरासमोर उभं राहण्याची परवानगी उखाण्यानं दिली.

हे आपल्याकडंच आहे असं नाही. अमेरिकेतल्या खेड्यापाड्यांच्या गाण्याला तिकडं ‘कंट्री’ संगीत म्हणतात. ते घराघरांत नेलं रेडिओनं. नॅशव्हिल शहरातला ‘ग्रँड ओल ऑप्री’ हा कार्यक्रम १९२५ साली सुरू झाला. त्या संगीतात नवराबायकोच्या द्वंद्वगीताला मोठा मान. जॉनी कॅश आणि जून कार्टर यांचं ‘जॅक्सन’ हे १९६७ सालचं गाणं सबंध भांडणाचंच आहे. आणि पुढच्याच वर्षी दोघांनी लग्न केलं! २००३ साली मे महिन्यात जून गेली, सप्टेंबरात जॉनी गेला.

दुसरी जोडी जॉर्ज जोन्स आणि टॅमी वायनेट यांची. त्यांचा १९७५ साली घटस्फोट झाला. तरी १९७६ साली दोघांनी मिळून ‘गोल्डन रिंग’ हे गाणं म्हटलं. गहाणवटीच्या दुकानातून घेतलेली लग्नाची अंगठी संसार मोडल्यावर पुन्हा त्याच दुकानात येते, अशी त्याची कथा. ते फार लोकप्रिय झालं. माझ्या आत्याचा अबोला गाण्यानं मिटला; यांचा संसार मात्र गाण्यानं सांधला नाही. तेव्हा गाणं हे औषध आहे असं मी म्हणणार नाही. पण जे नुसतं बोलताना घशात अडतं, ते तालावर बाहेर पडतं, एवढं खरं.

शिक्षकबंधूंना आणि भगिनींना एक विनंती. राई आज महानगरपालिकेत आहे. ही महानगरपालिका २००२ साली झाली. आता हळदीला ध्वनिवर्धक गरजतो, त्यात धवलारिणीचा आवाज बुडतो. आपल्या वर्गातल्या मुलांना एक वही करायला सांगा. आजी-आजोबांना शेजारी बसवून त्यांचे उखाणे आणि धवले लिहून घ्या. कुणी म्हटलं, कधी म्हटलं, हेही लिहा. आजोबा लाजतील. आजीला सुरुवात करू द्या, म्हणजे ते आपोआप उत्तर देतील.

आत्या-मामांचे त्या रात्रीचे उखाणे मी लिहून ठेवले नाहीत. आज दोघंही नाहीत. मांडवातलं हसू आठवतं, शब्द आठवत नाहीत. ही चूक तुम्ही करू नका.