तिसरी कोंबडी

(वासंतिक व्याख्यानमालेतील व्याख्यानाचे शब्दांकन)



पत्रिकेवर विषय छापलाय ‘चालती पोल्ट्री ताब्यात घेताना’. डावीकडे पोल्ट्रीवाले बसलेत, उजवीकडे अंडंसुद्धा न खाणारी मंडळी आहेत, आणि दोन्हीकडून माझ्यावर सारखाच संशय दिसतोय. (हशा) म्हणून आधीच सांगतो, मी अंडी खातो. जनावरांचा डॉक्टर म्हणून नोकरीचा मोठा काळ लेयरच्या, म्हणजे अंड्यांच्या कोंबड्यांच्या शेडमध्ये गेला. कुणाच्या पोटावर पाय द्यायला मी आलेलो नाही. पण एक गोष्ट मला पक्की पटलेली आहे. पिंजऱ्यात कोंबडीला किती जागा मिळणार, हे शेडमध्ये ठरत नाही. सौदा होतो आणि कर्जाच्या कागदावर सही पडते, त्या दिवशीच ते ठरून जातं.

१९६० चा प्राणी क्लेश प्रतिबंधक कायदा, त्यातलं क्रूर वागणूक गुन्हा ठरवणारं अकरावं कलम, कोंबड्यांच्या पालनावरचा विधी आयोगाचा २०१७ चा २६९ वा अहवाल, युरोपात २०१२ पासून बंद झालेले अंड्यांच्या कोंबड्यांचे साधे पिंजरे, हे सगळं तुम्ही वाचलेलं आहे. त्यात वेळ घालवत नाही.

माझ्याकडे एक तरुण आला होता. मामांचं वय झालेलं, मामेभाऊ परदेशात, म्हणून भाच्यानं पोल्ट्री घ्यावी असं घरात ठरलं. नऊ हजार पक्ष्यांचं शेड. मुलगा हळवा. पहिल्यांदा आत गेला आणि दोन रात्री झोपला नाही म्हणाला. “काका, मी नाही घेतली तर दुसरा कुणी घेणारच. मग मीच घेऊन नीट चालवली तर?” मी विचारलं, “भाव काय ठरला?” त्यानं आकडा सांगितला. नऊ हजार पक्षी धरून काढलेला. मी म्हटलं, मग नीट चालवायला तुझ्या हातात राहिलं काय?

हिशेब सांगतो. आपल्याकडे सर्रास दिसणारा पिंजरा पंधरा इंच बाय बारा इंच, आणि त्यात तीन पक्षी. म्हणजे पक्ष्यामागं साठ चौरस इंच, ३८७ चौरस सेंटिमीटर. तुमच्या हातातली पत्रिका ए-फोर कागदावर छापलीय. तो कागद सुमारे ६२४ चौरस सेंटिमीटरचा. त्याच्या दोन तृतीयांशापेक्षा कमी जागेत एक जीव वर्षभराहून जास्त काळ उभा असतो. त्या पिंजऱ्यात दोनच पक्षी ठेवले तर प्रत्येकीला ५८० चौरस सेंटिमीटर मिळतात. कागदाएवढी जागा तरीही नाही, पण तिला वळता येतं, आणि शेजारणीच्या पाठीवर पाय न देता खाद्यापर्यंत जाता येतं. तीन हजार पिंजऱ्यांत नऊ हजारांऐवजी सहा हजार. माझं सगळं म्हणणं या तिसऱ्या कोंबडीपाशी आहे. नऊ हजारांच्या हिशेबानं पैसे मोजून शेड घेणारा माणूस कितीही दयाळू असो, पहिल्या हप्त्याला तो तिसरी कोंबडी आत घालणारच. म्हणून सौदा सहा हजारांच्या हिशेबानं करायचा, आणि मालक तयार नसेल तर उठून यायचं.

(श्रोत्यांतून : मग पोल्ट्री विकणार कोण?)

बरोबर विचारलंत. येतो तिकडे. त्याआधी नवापूरबद्दल दोन मिनिटं बोलतो.

फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला बर्ड फ्लू निघाला. देशातली ती पहिली साथ. ठिकठिकाणचे पशुवैद्यक तिथं पाठवले गेले, त्यांत मीही होतो. अंगावर नखशिखांत झाकणारा पोशाख, डोळ्यांवर चष्मा, आतून घामाच्या धारा. पक्षी मारायचे होते, लाखांनी. पिंजऱ्याचं दार लहान. पक्षी ओढला की तो नख्यांनी जाळी धरतो, आणि हातमोज्यातूनसुद्धा हाड मोडलेलं कळतं, वाळकी काडी मोडावी तसं. सुरुवातीला मला वाटलं माझाच हात जड आहे. मग बाकीच्यांच्या हातातही तेच होताना दिसलं. कारण शिकलेलो होतो, पण तोवर हाताला कळलेलं नव्हतं. एका अंड्याच्या कवचात सुमारे दोन ग्रॅम कॅल्शियम जातं. वर्षाला तीनशेच्या आसपास अंडी. खाद्यात शिंपला कितीही घाला, जिला पंख पसरता येत नाहीत, चालता येत नाही, तिची हाडं ठिसूळच होणार. आणि हे साथीपुरतं नाही. अंड्यावरचा काळ संपल्यावर कल पक्षी, म्हणजे काढून टाकायचे पक्षी, उचलायला गाडी येते, तेव्हाही हीच हाडं अशीच मोडतात. तेव्हा कुणी बघायला आलेलं नसतं.

साथ सरली. कर्जाला सवलत मिळाली, मुदत वाढली, पण मुद्दल डोक्यावर होतंच. शेडं पुन्हा भरली, तीन-तीनच्या हिशेबानं. त्या मालकांना मी क्रूर म्हणणार नाही. त्यांच्या घरचा चहा प्यायलोय, रिकाम्या शेडसमोर बसून रडलेली माणसं पाहिलीत. कर्ज तीन-तीन पक्ष्यांच्या हिशेबाचं होतं, म्हणून पक्षीही तीन-तीन आले. २०२१ मध्ये नवापूरला पुन्हा तीच साथ आली आणि पुन्हा लाखांनी पक्षी मारावे लागले...

अध्यक्षांची चिठ्ठी आली, दहा मिनिटं उरलीत. नवापूरला जास्तच रेंगाळलो, पण त्याशिवाय हे सांगता आलं नसतं.

आता त्या मुलापुढचा खरा पेच. ताबा घेतला त्या दिवशी पिंजऱ्यांत पन्नास आठवड्यांचे पक्षी आहेत. तिसरी कोंबडी बाहेर काढायची म्हणजे तीन हजार पक्षी वेळेआधी खाटकाकडे. उरलेल्यांच्या सुखासाठी तेवढे मारायचे का? मी त्याला नाही म्हणालो. चालू बॅच तशीच राहू दे. मर होऊन पिंजऱ्यात जागा झाली तर दुसरीकडचा पक्षी आणून भरू नकोस, नव्या पक्ष्याला जुन्या टोचून काढतात. पुढची बॅच मागवशील ती सहा हजारांचीच. तोवर खाद्य, पाणी, हवा, आणि कल पक्षी उचलताना दोन्ही पाय धरून, घाई न करता काढणं, एवढं आजपासून करता येतं. हॅचरीत पहिल्याच दिवशी मारल्या जाणाऱ्या नर पिल्लांचं पाप यानं सुटत नाही. जर्मनीनं २०२२ पासून ते कायद्यानं थांबवलं, आपल्याकडे एका शेडवाल्याच्या हातात ते नाही.

उजवीकडून मघापासून पुटपुट ऐकू येतेय, दोन असल्या तरी पिंजरा तो पिंजराच. मान्य आहे. अंडं घालायला आडोसा नाही, मातीत लोळणं नाही. पण पिंजऱ्यात वाढलेले हजारो पक्षी एकदम जमिनीवर सोडले तर ते कोपऱ्यात एकमेकांवर चढून गुदमरतात, रक्ती हगवण लागते, टोचाटोची होते. मोकळं पालन हे वेगळं कसब आहे, ते पिल्लापासून सुरू करावं लागतं. आणि आपल्याला काय वाटतं यावर फार विसंबू नये. १९६५ मध्ये ब्रिटनच्या ब्रॅम्बेल समितीनं बारीक षटकोनी जाळीची जमीन वाईट ठरवून जाड तारेची सुचवली. १९७३ मध्ये ह्यूज आणि ब्लॅक या दोघांनी कोंबड्यांनाच निवडू दिलं, तर त्यांनी बारीक जाळी पसंत केली. समितीतली माणसं कळकळीचीच होती, फक्त कोंबडीला विचारायचं राहिलं होतं.

शेवटची चिठ्ठी मागच्या रांगेतून आलीय : “अंड्याचा दर पडला तर सहा हजारांवर जगायचं कसं?” मघाचा विकणार कोण हा प्रश्नही यातच येतो. लेयर दिवसाला साधारण ११० ग्रॅम खाते. नऊ हजारांना ९९० किलो, सहा हजारांना ६६० किलो. खर्चातला सर्वांत मोठा वाटा खाद्याचा, आणि तो पक्ष्यांबरोबर कमी होतो. गर्दी कमी झाली की पक्ष्यामागं अंडी वाढतात, मर घटते. कमी होत नाही तो मुख्यतः हप्ता. म्हणून दर पडल्यावर नऊ हजारांच्या कर्जावर सहा हजार पक्षी ठेवणारा बुडतो, आणि सहा हजारांच्या कर्जावर सहा हजार ठेवणाऱ्याचा रोजचा तोटा नऊ हजारवाल्यापेक्षा कमी राहतो. विकणाऱ्याला कमी पैसे मिळतात, हे खरं. मामांनाही मिळतील. त्या मुलाला मी सांगितलं, जमिनीचा भाव पूर्ण दे, शेडचा पूर्ण दे, पिंजऱ्यांचा दोनच्या हिशेबानं दे, आणि का ते मामांना समोर बसून सांग. तो सांगून आलाय. मामा विचार करताहेत.